आजच्यापुरते बळ

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तर लिहायला मी त्याच रात्री बसले होते. पण दोनदा कागद फाडून टाकला, कारण दोन्ही वेळा जे उतरले ते सांत्वनसभेतल्या भाषणासारखे होते, आणि जिथे वडिलांचे अर्धे अंग लुळे पडले आहे, त्यांची वाचा गेली आहे आणि त्यांच्या खाटेशी तू रात्ररात्र जागतो आहेस, त्या खोलीत असली वाक्ये घेऊन येण्याची मला लाज वाटली. आज पुन्हा बसले आहे. लहानपणी संडे स्कूलच्या वर्गात पाठ केलेली वचने मी तुला पुन्हा म्हणून दाखवावीत अशी तुझी अपेक्षा असेल, तर ती मी थोडीशीच पुरी करू शकेन. कारण त्यांतली काही वचने मीच तुम्हा मुलांना फार सोपी करून शिकवली, हे मला आज कबूल करावयाचे आहे.

तू तीन प्रश्न विचारले आहेस. हे आपल्या घराच्या कोणत्या पापाचे शासन आहे काय. देव आपल्यावर प्रेम करतो हे ठाऊक असूनही ते जाणवत का नाही. आणि उद्यासाठी बळ आणायचे कोठून.

पहिल्या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही, कारण त्याचे उत्तर येशूने स्वतः देऊन ठेवले आहे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा त्याने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातील बुरूज कोसळून जी 18 माणसे मेली, ती यरुशलेमेतील बाकीच्या लोकांहून अधिक अपराधी नव्हती, हेही त्यानेच सांगितले. तरी कोणी तुझ्या दारात येऊन "घरात कुठेतरी काहीतरी चुकले असणार, शोधा" असे म्हणाले असेल, आणि तुझ्या पत्राच्या सुरावरून कोणीतरी म्हणाले आहे असे मला वाटते, तर त्या माणसावर रागावू नकोस, पण त्याचे ऐकूही नकोस. पवित्र शास्त्रातल्या, संकटांमागून संकटे कोसळलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले, तेव्हा त्यांनी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून काढल्या आणि कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम तेच. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि देवाच्या वतीने दुःखाचा हिशेब मांडायला सुरुवात केली. पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप भडकतो तो त्या मित्रांवर. ज्याने देवाला जाब विचारला, आपला जन्मदिवस शापिला आणि न्यायासाठी हटून बसला, त्या ईयोबाचे बोलणे देवाने यथार्थ ठरवले; आणि ज्यांनी देवाची वकिली केली, त्यांच्यासाठी त्याच ईयोबाला प्रार्थना करावी लागली. मला ही गोष्ट कळायला पन्नाशी उलटावी लागली.

येथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. तू लिहिलेस की, "मी प्रार्थनेला बसतो आणि तोंडातून तक्रारीशिवाय काही निघत नाही, म्हणून आताशा बसणेच सोडले आहे." बाळा, तक्रार निघते म्हणून प्रार्थना सोडणे म्हणजे रडू येते म्हणून आईकडे न जाणे. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. आपण उपासनेत गातो ती बहुधा स्तुतीची, त्यामुळे अनेकांचा असा समज होतो की देवासमोर जाताना चेहरा धुऊन, केस विंचरून जावे लागते. तेरावे स्तोत्र उघडून पाहा. पहिल्या दोनच ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, "कोठवर?" अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर त्याहून कठीण आहे. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात; हे एक स्तोत्र वळत नाही, अंधारातच संपते. शतकानुशतके लोकांनी ते पवित्र शास्त्रात जपून ठेवले, कोणी त्याच्या शेवटी आशेची एखादी ओळ जोडली नाही, याचा मला फार आधार वाटत आला आहे. कारण त्याचा अर्थ असा होतो की ज्या रात्री आशेचे एक अक्षरही उमटत नाही, त्या रात्रीसाठीही देवाने प्रार्थना लिहवून ठेवली आहे. आणि त्या स्तोत्राचा पहिला शब्द मात्र देवाला मारलेली हाक आहे. जो देवावर भरवसाच ठेवत नाही, तो देवाकडे तक्रार करायला कशाला जाईल?

म्हणून तू पुन्हा बसू लाग. पाच मिनिटे पुरे. शब्द सुचत नसतील तर तेरावे स्तोत्र मोठ्याने वाच आणि उठ. तेही जमले नाही तर नुसता बस. आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचून, उसाशांनी आपल्यासाठी विनंती करतो, असे येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिले आहे. रुग्णाच्या उशाशी बसून टाकलेला एकही उसासा वाया जात नाही, इतका अर्थ त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता प्रेम जाणवण्याविषयी. याबाबत मी तुला खोटे वचन देणार नाही. प्रार्थना केलीस की मन शांत होईल, अंगात ऊब पसरेल, असे मी म्हणू शकत नाही, कारण पुष्कळ थोर माणसांच्या बाबतीत तसे झालेले नाही. मदर तेरेसा यांचे 1997 मध्ये निधन झाले आणि दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्यांची खाजगी पत्रे प्रकाशित झाली, तेव्हा जगाला कळले की जवळजवळ अर्धशतक त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. प्रार्थनेत त्यांना रितेपण आणि अंधारच भेटत होता. काही जण ती पत्रे वाचून म्हणाले, म्हणजे त्यांचा विश्वास ढोंगी होता. माझे मत नेमके उलट आहे. काही जाणवत नसताना रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसणे आणि मग रस्त्यावरच्या मरणासन्न माणसाला उचलून आणणे, यापेक्षा भक्कम विश्वास कोणता, मला ठाऊक नाही. जाणीव हे प्रेमाचे हवामान आहे. कधी ऊन, कधी मळभ. खडक हवामानावर अवलंबून नसतो.

आणि देवाचे प्रेम म्हणजे संकटापासून सूट, हा जो हिशेब आपल्या मनात नकळत बसलेला असतो, तोही एकदा तपासून पाहा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल विचारतो की ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला कोण विभक्त करील, आणि मग क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार अशी सात नावे मोजतो. ही सातही प्रेम नसल्याची लक्षणे असती, तर त्याने ती यादी दिलीच नसती. ती त्याने दिली कारण ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्याही घरी ती येतात, आणि आली तरी त्या प्रेमाची गाठ सोडवू शकत नाहीत. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरीही रडला. शेवट ठाऊक असणाऱ्यालाही मधले दुःख क्षुल्लक वाटले नाही, हे मला त्या प्रसंगातील चमत्कारापेक्षा अधिक जवळचे वाटते.

राहिला तिसरा प्रश्न, बळाचा. खरे तर हे पत्र मी त्याच्यासाठीच लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. देव कोणालाही त्याला झेपेल त्यापेक्षा अधिक ओझे देत नाही, हे वाक्य मी तुम्हाला वर्गात शिकवले होते. पवित्र शास्त्रात ते तसे नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ज्या वचनावरून ते बेतले गेले आहे, ते मोहाच्या परीक्षेविषयी आहे; आजारपण, मृत्यू किंवा कर्ज यांच्या ओझ्याविषयी नाही. उलट त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अगदी पहिल्याच अध्यायात, पौल मोकळेपणाने सांगतो की आशियात आमच्यावर आमच्या शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की आम्ही जगण्याचीही आशा सोडली. आणि पुढे तो म्हणतो, हे घडले ते आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. तेव्हा तुला हे ओझे झेपत नाही असे वाटते त्यात तुझा काही कमीपणा नाही. ते झेपणारे नाहीच. तुझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसालाही ते झेपले नसते.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मी सर्व काही करू शकतो" या वचनाचीही आपण अशीच गत केली आहे. परीक्षेच्या सकाळी, मुलाखतीला जाताना, खेळाच्या मैदानात, सगळीकडे ते जिंकण्याचा मंत्र म्हणून वापरले जाते. मूळ पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले होते, आणि त्या वचनाच्या आधीच्या ओळीत तो सांगतो की तृप्त असणे आणि भुकेला असणे, विपुलतेत राहणे आणि विपन्नावस्थेत राहणे, या दोन्हींचे रहस्य मी शिकलो आहे. म्हणजे येथले "सर्व काही" हे जिंकण्याविषयी नसून निभावून नेण्याविषयी आहे. आणि "शिकलो" हा शब्दही लक्षात ठेव. ते त्याला एका रात्रीत आलेले नाही.

मग बळ येते कसे? याविषयी मला जे थोडेफार उमगले आहे ते मान्नाच्या गोष्टीतून. इस्राएल लोक अरण्यात भुकेले झाले तेव्हा देवाने त्यांना धान्याचे कोठार दिले नाही. सकाळी दव ओसरले की जमिनीवर काहीतरी बारीक, खवल्यांसारखे पडलेले दिसे; "हे काय आहे?" असे ते एकमेकांना विचारू लागले आणि त्या प्रश्नावरूनच त्याला मान्ना नाव पडले. नियम असा होता की प्रत्येक माणसामागे एक ओमर, म्हणजे त्या काळचे एक माप, तेवढेच गोळा करायचे आणि सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचे नाही. काहींनी ठेवले. उद्या मिळेल की नाही या भीतीने ठेवले असणार. त्यांना मी दोष देत नाही, मीही ठेवले असते. सकाळी त्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढे दुप्पट मिळे आणि ते टिके; बाकी सर्व दिवस फक्त त्या दिवसापुरते. आणि हे 40 वर्षे चालले.

तू मला विचारतोस की पुढचे वर्ष कसे काढू, वडिलांना पुन्हा बोलता आले नाही तर काय, नोकरी सुटली तर काय, धाकट्या बहिणीचे शिक्षण कसे होईल. हे प्रश्न खोटे नाहीत आणि त्यांचा विचार कधीतरी करावाच लागेल. पण पहाटे तीन वाजता, खाटेशेजारच्या खुर्चीत, तू जे करतोस तो विचार नसतो. तू पुढच्या वर्षाचे ओझे आजच्या बळावर उचलून पाहत असतोस, आणि ते उचलत नाही म्हणून देवाने आपल्याला सोडले असे ठरवतोस. त्या पुढच्या वर्षाचे बळ तुला अजून दिलेलेच नाही, कारण ते वर्ष अजून आलेले नाही. आज दिलेले बळ आजच्या कामाला येते: औषधाची वेळ, कूस बदलणे, अंग पुसणे, बहिणीशी दोन शब्द. दुपारपर्यंत ते संपल्यासारखे वाटेल; मग दुपारनंतरचे माग. लाज बाळगू नकोस. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही आजच्यापुरतीच.

विलापगीताच्या लेखकाला हे ठाऊक होते. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरच्या त्या शोकग्रंथाचे पाच अध्याय आहेत आणि पहिले चार इब्री वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत, जणू दुःखाला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोलू द्यायचे होते. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे आपण सर्वांनी पाठ केलेले वचन त्या ग्रंथाच्या बरोबर मध्यभागी, तिसऱ्या अध्यायात आहे. त्याच्या आधी वीस ओव्या निव्वळ काळोखाच्या आहेत आणि ग्रंथाचा शेवटही आनंदाचा नाही. शहर उभे राहिलेले नाही, मेलेले परत आलेले नाहीत, आणि तरीही तो माणूस म्हणतो, सकाळी नवी. त्याला कायमचा साठा मिळाला असता तर "रोज सकाळी" म्हणण्याची गरज पडली नसती.

दुसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याची, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तू पत्राच्या शेवटी जे एक वाक्य लिहून खोडले आहेस ते मला खोडलेल्या रेघांखालूनही वाचता आले. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस, ईजबेल राणीची एक धमकी येताच जीव घेऊन पळाला, सोबतच्या सेवकालाही मागे ठेवले, अरण्यात दिवसभराची वाट चालून एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. आपण असतो तर त्याला काय सांगितले असते? बहुधा हेच की तू संदेष्टा आहेस, तुला असे बोलणे शोभत नाही, कालच तर एवढा विजय पाहिलास. देवाने यांतले काहीच म्हटले नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला, आणि देवाने त्याला झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले तेव्हाही पुन्हा भाकर, आणि एवढेच शब्द, की ऊठ, खा, वाट तुला झेपणार नाही अशी लांब आहे. उपदेश त्यानंतर, 40 दिवसांनी, होरेब डोंगरावर. आणि तोही वारा, भूकंप, अग्नी हे सगळे होऊन गेल्यावर, एका मंद वाणीतून. एलीया म्हणत होता की मीच काय तो एकटा उरलो आहे. देवाने त्याला सांगितले की 7000 जण अजून आहेत.

या गोष्टीवरून मी तुला दोन आज्ञा करते, आणि माझा तो अधिकार आहे असे मी मानते. तू रोज रात्री जागू शकत नाहीस. आठवड्यातून निदान तीन रात्री दुसऱ्या कोणाला तरी खाटेशी बसव आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोप. त्या झोपेला विश्वासघात समजू नकोस. आणि ते खोडलेले वाक्य ज्या विचाराचे होते, तो विचार पुन्हा आला तर एकट्याने त्याच्याशी झुंजत बसायचे नाही. त्याच घटकेला कोणाला तरी सांगायचे, मग मी असेन, तुझा मित्र असेल, पाळकसाहेब असतील. आणि वडिलांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगून मनाच्या डॉक्टरांकडे जायचे. रात्रीचे किती वाजले आहेत हे पाहायचे नाही. गोळी घेणे म्हणजे देवावरचा विश्वास कमी असणे, असे तुला कोणी सांगेल; त्याला माझ्याकडे पाठव. वडिलांच्या रक्तदाबाची गोळी देताना तुला कधी असे वाटले नाही, मग मनाच्याच बाबतीत का वाटावे?

देवाचे बळ माणसांच्या हातून येते, हे मी स्वतःच्या घरात शिकले. माझे यजमान अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. पहिले काही महिने मी कोणालाही मदत मागितली नाही, कारण मदत मागणे म्हणजे देव पुरेसा नाही असे कबूल करणे, अशी माझी ठाम समजूत होती. त्याच काळात एक वयस्क गृहस्थ भेटीला आले आणि जाताना म्हणाले की बाईंचा विश्वास जरा अधिक असता तर साहेब एव्हाना उठून बसले असते. मी त्या रात्री प्रार्थना केली नाही, त्यानंतरही बरेच दिवस केली नाही. केवळ एक वाक्य तोंडात राहिले होते, "प्रभो, रात्र काढून दे". भांडी घासताना, कपडे पिळताना ते आपोआप येई. आणि एके दिवशी शेजारची एक बाई, जिच्याशी माझी जेमतेम ओळख होती आणि जी आपल्या मंडळीतलीही नव्हती, रात्री दहा वाजता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही झोपा, मी बसते." ती चार महिने, आठवड्यातून तीनदा आली. ना उपदेश, ना चौकशा. शिवण घेऊन यायची आणि बसायची. मी आकाशाकडे डोळे लावून बळ मागत होते आणि ते दारात उभे राहून चप्पल काढत होते, हे माझ्या लक्षात यायला यजमान गेल्यानंतरही वर्षभर लागले.

पुढे शास्त्र वाचताना मला हे जागोजागी दिसू लागले. लढाईच्या वेळी पुढारी मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होई आणि हात खाली आले की पीछेहाट. मोशे थकला तेव्हा देवाने त्याच्या बाहूंत अद्भुत शक्ती भरली नाही, तर अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. पौल मासेदोनियात बाहेरून भांडणे आणि आतून भीती यांनी ग्रासलेला होता, तेव्हा देवाने आमचे सांत्वन केले असे तो लिहितो. कशाने, तर त्याचा सहकारी तीत याच्या येण्याने. एक माणूस प्रवास करून आला, एवढेच. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत घेतले आणि जागे राहा म्हणून विनवले. ते झोपले, हा भाग वेगळा. माणसे कधी कधी झोपतात. तुझ्या मंडळीतल्या लोकांनी पहिल्या आठवड्यात गर्दी केली आणि नंतर कोणी फिरकले नाही, असे तू कडवटपणे लिहिले आहेस; ते खरे असेल. पण "काही लागले तर सांगा" असे म्हणणाऱ्या माणसाला खरोखर काय करावे ते कळत नसते. त्याला नेमके काम सांग: मंगळवारी रात्री दहा ते पहाटे चार बसशील का, बहिणीला क्लासवरून घेऊन येशील का. दहांपैकी सहा जण टाळतील. चार पुरेसे आहेत.

आता ज्या गोष्टीला तू पत्रात वळसा घालून गेलास, तिच्याबद्दल लिहिते. वडील बरे झाले नाहीत तर? ते बरे व्हावेत अशी प्रार्थना मी रोज करते आणि तूही थांबवू नकोस. मागण्यात संकोच कसला? पण पौलानेही तीनदा मागितले होते. त्याच्या शरीरात एक काटा होता. तो कोणता, हे त्याने सांगितलेले नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाला आपापला काटा तेथे ठेवता येतो. तो काढ, अशी विनंती त्याने तीन वेळा केली आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, अशक्तपणातच माझे सामर्थ्य पूर्णतेस येते, असे उत्तर मिळाले. मी तरुण असताना हे उत्तर मला नकार वाटे, गोड शब्दांत गुंडाळलेला नकार. आता तसे वाटत नाही, तरी ते ऐकायला सोपे आहे असेही मी म्हणणार नाही. गेथशेमानेतही तेच झाले: हा प्याला टळो, अशी येशूची प्रार्थना झाली, प्याला टळला नाही, स्वर्गातून देवदूत येऊन त्याला शक्ती देता झाला. आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकाने क्रम कसा दिला आहे पाहा: शक्ती मिळाल्यानंतर त्याची व्यथा आणखी वाढली, तो अधिक कळकळीने प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागला. बळ मिळाल्यावर दुखणे थांबले नाही. बळ मिळाले ते उठून पुढे चालण्यापुरते.

अशा माणसांत मला पंडिता रमाबाई नेहमी आठवतात. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये, लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नसताना, पती गेले आणि कडेवर तान्ही मुलगी राहिली. पुढे शेकडो निराधार मुली आणि विधवा यांना त्यांनी आसरा दिला, त्यांतल्या कितीतरी दुष्काळातूनच उचलून आणलेल्या होत्या; उपासमार म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. 1921 मध्ये ती एकुलती एक मुलगी, मनोरमा, आईच्या आधी गेली. रमाबाईंची प्रकृती तोवर ढासळली होती, बहिरेपण आले होते, तरी इब्री आणि ग्रीकमधून मराठीत चाललेले शास्त्राचे भाषांतर त्यांनी सोडले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. त्यांच्या आयुष्यात दुःखाची भरपाई झाली असे मी म्हणणार नाही; मुलीची भरपाई कशानेही होत नसते. मी फक्त एवढे पाहते की एवढे आघात सोसलेले मन रोज सकाळी पुन्हा एका ओळीच्या भाषांतराला बसत होते. तीही एका दिवसाची एक ओळ.

तुला आणखी एकच काम सुचवते, आणि ते मी स्वतः केले आहे म्हणून सुचवते. एक साधी वही घे आणि झोपण्यापूर्वी त्यात एक ओळ लिही: आजचा दिवस कशाने निघाला. "देवाच्या कृपेने" असे लिहू नकोस, ते मला ठाऊक आहे; कृपा कोणत्या वाटेने आली ते लिही. बाबांनी आज डाव्या हाताची बोटे हलवली. बहीण न सांगता पाणी भरून गेली. दुपारी वीस मिनिटे झोप लागली. काही दिवशी काहीच सापडणार नाही. त्या दिवशी "काही नाही" असे लिही आणि तारीख टाक. माझ्या वहीत सलग नऊ दिवस "काही नाही" आहे. दहाव्या दिवशी लिहिले आहे, "शेजारच्या बाई आल्या."

वडिलांच्या कानाशी बसून कधी एखादे गीत म्हणत जा. वाचा गेलेल्या काही रुग्णांना बोलता येत नसले तरी ओळखीच्या चालीवर शब्द म्हणता येतात, असे डॉक्टरांकडूनच मी ऐकले आहे आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलेही आहे. नाही म्हणता आले, तरी ऐकू येत असेल.

या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. चार दिवस राहीन आणि रात्री मी बसेन. माझे गुडघे दुखतात, पण खुर्चीत बसायला गुडघे लागत नाहीत. भाषण करणार नाही. त्या रात्री तू काय करायचे ते वर लिहिलेच आहे.

या पत्राला मोठे उत्तर लिहीत बसू नकोस. आज जेवलास की नाही आणि मंगळवारी रात्री बसायला कोणाला सांगितलेस, एवढेच कळव.

तुझी,
मावशी